घराचा अंदाज आपल्या हाताने: टेप, ब्रास आणि पोत्यांचा हिशोब

ग्रामसंघाकडे येणाऱ्या कर्जमागणी अर्जांत ‘घर बांधकाम’ हे कारण सारखं दिसतं. रक्कम बहुतेक वेळा गोल असते, ५०,००० नाहीतर १ लाख. घर किती फुटांचं, विटा किती लागतील, असं बैठकीत विचारलं की उत्तर येतं, “ते मालकाला माहीत” किंवा “मिस्त्रीनं तेवढंच सांगितलंय.” म्हणजे कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताईच्या कमाईतून, आणि हिशोब मात्र दुसऱ्याच्याच डोक्यात.

आपल्या लातूर-धाराशिव भागात कुठल्याही गावात फिरा, भिंती उभ्या राहून थांबलेलं एखादं तरी घर दिसतंच. वर पत्र्याऐवजी ताडपत्री, कडेला गंजलेल्या सळया. त्या घरातल्या माणसांनी काटकसर केली नाही असं नसतं. पैसा कुठे किती जाणार हे आधी कागदावर मांडलेलं नसतं, एवढंच. म्हणून या अंकाच्या अभ्यासपानात आपण एक घर मोजणार आहोत. वही, पेन आणि मोजायचा टेप जवळ घ्या. गुणाकार-भागाकार येतो तिला हे सगळं येतं.

आपलं घर धरू बाहेरून २३ फूट लांब आणि १५ फूट रुंद, दोन खोल्यांचं, भिंती ९ इंची विटांच्या. २३ गुणिले १५ म्हणजे ३४५ चौरस फूट. पण भिंतींनी जागा खाल्ली की आत वापरायला साधारण २८० चौरस फूट उरतात. हा आकार मुद्दाम घेतला आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट असावं लागतं, स्वयंपाकाची जागा धरून. त्यात आपलं घर बसतं.

आता भिंत. चारही बाजू आणि मधली एक भिंत मिळून लांबी होते साधारण ८६ फूट. उंची १० फूट धरली तर ८६० चौरस फूट. यातून दारं, खिडक्या आणि दाराच्या वरचा काँक्रीटचा पट्टा वजा केला की ७२० च्या आसपास उरतात. ९ इंची भिंतीत एका चौरस फुटाला साधारण १० विटा बसतात. म्हणजे ७,२०० विटा, त्यात फुटतूट धरून ७,५००. आपल्याकडच्या भट्ट्यांच्या विटा एकसारख्या नसतात, म्हणून तुमच्या भट्टीची वीट आधी हातात घेऊन मोजा. लहान असेल तर १० च्या जागी ११ लागतील. वीट ८ रुपयांना पडते असं धरलं, तर विटांचेच ६०,००० झाले.

(पुढचे सगळे भाव फक्त हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावात पोहोच जो भाव पडतो तो घाला. पोहोच म्हणजे गाडीभाडं आणि उतराई धरून.)

स्लॅबकडे येऊ, कारण घरं थांबतात ती इथेच. स्लॅब घरापेक्षा थोडा मोठा असतो. चारही बाजूंनी एक-एक फूट बाहेर काढला तर २५ गुणिले १७, म्हणजे ४२५ चौरस फूट. जाडी ५ इंच. ४२५ ला ५ ने गुणा आणि १२ ने भागा, आले १७७ घनफूट. एक पोतं सिमेंट, दीड वाटा वाळू, तीन वाटे खडी या प्रमाणाने एवढ्या काँक्रीटला साधारण ४० पोती सिमेंट, पाऊण ब्रास वाळू आणि दीड ब्रास खडी लागते. लोखंड ३५० किलोच्या आसपास. पण सळई किती जाडीची आणि किती अंतरावर हे मिस्त्रीच्या सवयीवर सोडू नका, अभियंत्याकडून लिहून घ्या. घरकुलाचे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता तालुक्याला असतात, त्यांना हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पोतं ३८० रुपये धरलं तर सिमेंट १५,२०० चं. वाळू ७,००० रुपये ब्रासने ५,२५० ची, खडी ४,००० ने ६,००० ची. लोखंड ६२ रुपये किलोने २१,७०० चं. सेंट्रिंग आणि स्लॅबची मजुरी मिळून चौरस फुटाला ७० रुपये धरली तर २९,७५०. बेरीज ७७,९००.

आता हे विटांच्या ६०,००० शेजारी मांडा. १,३७,९०० झाले. घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात १,२०,००० आहे. म्हणजे विटा आणि स्लॅब यांतच ते संपून वर १७,९०० लागले. पाया, भिंतीचं सिमेंट आणि गवंड्याची मजुरी, चौकटी, गिलावा, फरशी, लाईट फिटिंग यातलं काहीच अजून धरलेलं नाही. अनुदान ही मदत आहे, घराची किंमत नाही, हे आकड्यानेच दिसतं.

पायाचा अंदाज मात्र घरी बसून होत नाही, विशेषतः आपल्या काळ्या मातीत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. वरच्या वर पाया घेतला तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तडा जातो, दारं अडकायला लागतात. म्हणून पाया काळी माती ओलांडून मुरमात न्यावा लागतो. मुरूम ३ फुटांवर लागेल की ७ फुटांवर, हे शेजारच्या घरावरून सांगता येत नाही. यावर उपाय साधा आहे. मिस्त्रीशी भाव ठरवायच्या आधी जागेच्या दोन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. एक दिवसाची मजुरी जाईल, पण खोली कळेल.

खोलीला एवढं महत्त्व का? आपल्या ८६ फुटांच्या पायाची रुंदी अडीच फूट धरली, तर खोलीचा प्रत्येक एक फूट म्हणजे २१५ घनफूट, दोन ब्रासपेक्षा जास्त दगडकाम. ३ फुटांचा अंदाज धरून ६ फूट निघाले तर साडेसहा ब्रास दगडकाम वाढलं. तेवढे पैसे स्लॅबच्या वेळी कमी पडतात, आणि मग आपण म्हणतो स्लॅब महाग पडला.

जोत्याची भर सगळेच विसरतात. आतले २८० चौरस फूट दोन फूट भरायचे तर ५६० घनफूट. मुरूम ठोकला की बसतो, म्हणून चौथा हिस्सा जास्त धरा, ७ ब्रास. खोदताना निघालेली काळी मातीच आत ढकलायची, पैसे वाचतात, असं कुणी सुचवेल. ऐकू नका. तीच माती फुगून तुमची फरशी वर उचलेल.

भिंतीत मघाशी जो पट्टा वजा केला, त्याबद्दल थोडं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्या घराघरात अजून सांगितला जातो. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचं वजन, यामुळे माणसं दबली. आता घरं विटांची झाली, पण विटांच्या भिंतीही एकमेकींना बांधलेल्या नसतील तर हादऱ्यात सुट्या होतात. दाराच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा त्यांना बांधून ठेवतो. कुठे कुठे फक्त दार-खिडकीपुरते तुकडे टाकतात, ते पुरेसं नाही. आपल्या घराच्या सलग पट्ट्याला सात-आठ पोती सिमेंट आणि थोडं लोखंड लागेल. माझं मत विचाराल तर गिलावा एक वर्ष पुढे ढकला, बाहेरचा रंग कधीच नाही दिला तरी चालेल, पण हा पट्टा कापू नका.

मालाची मोजणी ही खास आपल्या बायकांनी हातात घ्यायची गोष्ट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की रिकामी करू देण्याआधी टेप लावा. लांबी, रुंदी, भरलेली उंची यांचा गुणाकार करून १०० ने भागा. समजा ट्रॉली १० फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि वाळू दीड फूट भरलेली आहे. आले साडेब्याऐंशी घनफूट. पावती एक ब्रासची असेल तर साडेसतरा घनफूट वाळू आलीच नाही, आणि ७,००० च्या भावाने १,२२५ रुपये गेले. एका ट्रॉलीत. वर ढीग दिसतो म्हणून फसू नका, सपाट करायला लावा.

लोखंडाला तर काटाही लागत नाही, नग मोजा. सळई १२ मीटरची, म्हणजे साधारण ४० फुटांची येते. ८ मिलिमीटरची एक सळई भरते पावणेपाच किलोच्या आसपास, १० ची ७ किलो ४०० ग्रॅम, १२ ची १० किलो ७०० ग्रॅम. ८ च्या ५० सळया आल्या तर वजन २३७ किलोच्या आसपास हवं. पावतीवर २६० लिहिलं असेल तर दुकानदाराला विचारायचं.

मिस्त्रीशी बोलताना सगळ्यात मोठा घोळ ‘फुटा’चा होतो. चौरस फुटाला अमुक मजुरी ठरते, पण कुठले फूट? बाहेरच्या भिंतीचे ३४५ की स्लॅबचे ४२५? ८० फुटांचा फरक आहे. दर २५० धरला तर २०,००० रुपये. त्यात गिलावा आतून-बाहेरून दोन्ही आहे का, पायऱ्या, ओटा, पाण्याची टाकी, गच्चीचा कठडा धरला आहे का, हे सगळं एका साध्या कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. मिस्त्री ओळखीचा असेल, नात्यातला असेल तर सही मागायला जड जातं, माहीत आहे. पण नात्यातल्याशीच वाद झाला की तो जास्त वर्षं टिकतो.

पाणीही खर्चात लिहा. स्लॅबला किमान दोन आठवडे पाणी मारावं लागतं, भिंतींना आणि गिलाव्यालाही. एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकायचा तर टँकर लागणार. दिवाळीनंतर काम सुरू करून माघापर्यंत स्लॅब पडेल असं बघितलं तर हा खर्च बराच वाचतो. आणि हे पाणी मारायचं, पाटी उचलायचं काम कुणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको. घरकुलात रोजगार हमीतून ९० दिवसांच्या अकुशल मजुरीची तरतूद आहे. हजेरीपटावर तुमचं नाव लागलंय का ते बघा. शौचालयासाठी पात्र कुटुंबाला १२,००० रुपये वेगळे मिळतात. घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचं राज्याचं धोरण आहे, वाहतूक मात्र आपल्या खिशातून. तहसीलमध्ये अर्ज केलाय का, विचारा.

अनुदानाचे पैसे कामाच्या टप्प्याचा फोटो चढल्यावर खात्यावर येतात. म्हणजे आधी आपला पैसा घालावा लागतो. खासगी कंपनीचं झटपट कर्ज नेमकं याच वेळी दारात येतं. उतरत्या शिलकीवर महिना १ टक्का व्याजाने १ लाख, २४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता साधारण ४,७०० चा. २ टक्क्यांनी तोच ५,२९० च्या जवळ जातो, दोन वर्षांत १४,००० रुपये जास्त. तुमच्या स्लॅबचं जवळजवळ सगळं सिमेंट त्यात आलं असतं.

सगळी बेरीज झाल्यावर त्यात दहावा हिस्सा वाढवा, भाव चढतात म्हणून. आलेली रक्कम हातातल्या पैशांपेक्षा फार मोठी असेल तर घर लहान करण्याआधी टप्पे पाडता येतात का बघा. पाया, जोतं, पट्टा, भिंती पक्क्या करून वर सध्या पत्रा टाकायचा, आणि स्लॅब पुढच्या हंगामात. पत्र्याखाली उन्हाळा कठीण जातो, खरं आहे. पण कर्ज फेडत पत्र्याखाली राहता येतं, अर्धवट स्लॅबखाली राहता येत नाही. पुढे स्लॅब टाकायचा आहे हे अभियंत्याला आधीच सांगा, म्हणजे पाया त्या वजनाचा धरला जाईल.

एक कागद मात्र पैशांइतकाच बघायचा, ग्रामपंचायतीचा नमुना ८. घरकुल शक्यतो बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर मंजूर होतं, पण नमुना ८ वर बऱ्याच ठिकाणी अजून सासऱ्यांचंच नाव असतं. हप्ता तुम्ही भरणार असाल तर उताऱ्यावर तुमचं नाव लावण्याचा अर्ज पाया खोदायच्या आधी ग्रामसेवकांकडे द्या आणि पोच घ्या.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने आपल्यातल्या एका ताईचं होऊ घातलेलं घर निवडावं. टेपने जागा मोजावी, वरच्याच पद्धतीने विटा आणि स्लॅबचा हिशोब फळ्यावर मांडावा, भाव त्या आठवड्यात दुकानात विचारून आणावेत. घर बांधकामाच्या कर्ज अर्जासोबत असा हिशोबाचा कागद जोडला असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत निर्णय लवकर होतो. अडलं तर तुमच्या सीआरपी ताईंना निरोप द्या, मी बैठकीला टेप घेऊन येते.