एकच रोग, अंड्याचे दोन भाव

प्रश्न : २००६ साली आमच्या नवापुरात बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्यानंतर अंडी-चिकनला कुणी विचारेना, भाव मातीमोल झाले. त्याच रोगाने अमेरिकेत मात्र अंडी इतकी महागली की निवडणुकीच्या भाषणांतही त्यांचा भाव आला म्हणे. रोग एक, मग भाव उलटे कसे? आणि अंड्यावरून अमेरिकन माणूस खरंच आपलं मत ठरवतो का?
— एक वाचक, नवापूर, जि. नंदुरबार

उत्तर : विषाणू एच५एन१ हाच. उपायही जवळपास तोच, रोग सापडला की त्या फार्मवरच्या सगळ्या कोंबड्या मारायच्या. फरक पडला तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात. २००६ मध्ये आपल्याकडे माणूस अंड्यालाच घाबरला. जिथे रोगाचा मागमूस नव्हता त्या शहरांतही चिकनचा भाव पडला, रेल्वेच्या जेवणातून चिकन-अंडी गायब झाली. नीट शिजवलेलं खाऊन काही होत नाही हे पटवायला चिकनचे मेळावे भरवावे लागले आणि पुढाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर तंगडी चावावी लागली. थोडक्यात, माल होता पण मागणी पळाली.

अमेरिकेत मागणी जागची हलली नाही, माल गेला. तिथे अंड्याच्या एकेका फार्मवर दहा-दहा लाख कोंबड्या असतात. त्यातल्या मूठभर आजारी निघाल्या तरी सगळा फार्म रिकामा होतो आणि नव्या पिल्लाला अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने लागतात. २०२२ च्या सुरुवातीपासून २०२५ च्या वसंतापर्यंत तिथे कोंबड्या, टर्की, बदकं धरून १६ कोटींहून अधिक पक्षी या रोगापायी गेले. इकडे न्याहारीला दोन अंडी खाणारा माणूस दोनच खात राहिला. तो कोविडने थकला होता म्हणा, किंवा अंडं आणि आजारी कोंबडी यांची सांगड त्याच्या मनात बसली नाही म्हणा, पण घाबरला नाही. मार्च २०२४ मध्ये हा रोग टेक्सास आणि कॅन्ससमधल्या दुभत्या गाईंतही सापडला. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात एका माणसाचा बळी गेला. तरी अंड्यांच्या कपाटासमोरची तक्रार रोगाची नव्हती, भावाची होती.

भाव पाहा. तिथलं सरकारी खातं दर महिन्याला एक डझन मोठ्या अंड्यांचा देशभरातला सरासरी भाव जाहीर करतं. जानेवारी २०२१ मध्ये तो १ डॉलर ४७ सेंट होता. जानेवारी २०२३ मध्ये ४ डॉलर ८२ सेंट. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोन डॉलरांवर उतरला आणि मार्च २०२५ मध्ये ६ डॉलर २३ सेंट. वॉफल हाउस नावाची, रात्रभर उघडी असणारी स्वस्त न्याहारीची साखळी आहे. तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये बिलात दर अंड्यामागे ५० सेंट जादा लावायला सुरुवात केली. डिशमागे नव्हे, अंड्यामागे.

मग कोंबड्यांना लस का देत नाहीत, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्यामागे अंड्याच्या धंद्यापेक्षा चिकनच्या धंद्याची अडचण मोठी आहे. अमेरिका ब्रॉयलरचं मांस मोठ्या प्रमाणावर निर्यात करते. लस दिलेला पक्षी आजारी दिसत नाही, पण त्याच्या अंगात विषाणू असू शकतो, असं म्हणून घेणारे देश माल नाकारतील अशी त्यांना धास्ती. अंडीवाल्यांना लस हवी, ब्रॉयलरवाल्यांना नको, आणि वजन ब्रॉयलरवाल्यांचं जास्त. तोवर महागाईत ज्याच्या कोंबड्या वाचल्या त्याची चांदी झाली. तिथली सर्वांत मोठी अंडी कंपनी कॅल-मेन हिचा २०२५ च्या सुरुवातीच्या तिमाहीचा नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तिपटीहून अधिक निघाला आणि न्याय खात्याने भावांची चौकशी सुरू केली.

आता निवडणूक. सप्टेंबर २०२४ मध्ये रिपब्लिकनांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी एका किराणा दुकानात गेले. अंड्यांच्या कपाटापुढे उभं राहून त्यांनी सांगितलं की कमला हॅरिस सत्तेत आल्या तेव्हा डझनाला दीड डॉलरही पडत नव्हता, आता चारच्या आसपास पडतात. चित्रीकरणात त्यांच्या पाठीमागच्या पट्टीवर २ डॉलर ९९ सेंट असा भाव स्वच्छ दिसत होता. लोक हसले. पण ज्याला हसू आलं त्याचं मत आधीच ठरलेलं होतं आणि ज्याला व्हान्स यांचं पटलं त्याने पट्टीकडे पाहिलंच नाही. पुढे ट्रम्प जिंकले, त्यांनी सूत्रं हाती घेतल्यावर दोनच महिन्यांत अंडी उच्चांकावर गेली आणि तेच अंडं डेमोक्रॅटांच्या हाती आलं. उन्हाळ्यापर्यंत भाव उतरला तेव्हा श्रेय घ्यायला व्हाइट हाउस पुढे होतंच. यात कोंबडीच्या रोगाचं नाव कुणी फारसं घेतलं नाही.

आपल्याकडे १९९८ मध्ये दिल्लीतलं भाजपचं सरकार गेलं तेव्हा बोट कांद्याकडे दाखवलं गेलं. अंडं हा अमेरिकेचा कांदा आहे, असं म्हणायला हरकत नाही. दर आठवड्याला घ्यावं लागतं, भाव तोंडपाठ असतो, आणि टीव्हीचा भाव दहा टक्क्यांनी उतरला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण अंड्यावरून मत ठरतं, हे पूर्ण खरं नाही, आणि याचा पुरावा मिशिगन विद्यापीठाकडे आहे. बुडापेस्टमध्ये जन्मलेले मानसशास्त्राचे अभ्यासक जॉर्ज कटोना यांनी १९४६ मध्ये तिथे एक पाहणी सुरू केली. माणसाच्या खिशात किती आहे यापेक्षा त्याला काय वाटतं यावर खरेदी ठरते, हा त्यांचा सिद्धान्त. ती पाहणी आजही दर महिन्याला होते. गाभ्याचे प्रश्न पाच : वर्षापूर्वीपेक्षा घरची स्थिती बरी की वाईट, पुढच्या वर्षी काय होईल, देशात येत्या बारा महिन्यांत दिवस कसे येतील, येत्या पाच वर्षांत कसे, आणि फ्रीज-सोफ्यासारखी मोठी वस्तू घ्यायला सध्याचा काळ बरा का. उत्तरांतून एक निर्देशांक निघतो, १९६६ साल म्हणजे १००. जून २०२२ मध्ये तो ५० वर आला, पाहणी सुरू झाल्यापासूनचा तोवरचा नीचांक. त्या महिन्यात महागाई ९.१ टक्के होती आणि पेट्रोल गॅलनला पाच डॉलरांवर गेलं होतं, हे खरं. पण बेकारी जेमतेम ३.६ टक्के होती. २००८ मध्ये बँका बुडत होत्या तेव्हासुद्धा लोक इतके निराश नव्हते.

खरी गंमत पुढे आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर याच पाहणीत रिपब्लिकन मतदारांचा आकडा झपाट्याने वर गेला आणि डेमोक्रॅटांचा खाली. पगार तेच, घरभाडं तेच, अंडी तीच. २०१६ ला आणि २०२० ला हेच घडलं होतं, २०२० ला फक्त बाजू उलट. २०२५ च्या वसंतात येत्या वर्षाच्या महागाईचा लोकांचा अंदाज साडेसहा टक्क्यांवर गेला, १९८१ नंतर पहिल्यांदाच इतका. तेव्हाही डेमोक्रॅट मोठा आकडा सांगत आणि रिपब्लिकन त्याच्या कितीतरी खाली. दोघं एकाच दुकानात एकाच रांगेत उभे!

माझं मत विचाराल तर पक्षाशी बांधलेल्या माणसाला अंडं फक्त पुरावा म्हणून लागतं, निकाल त्याने आधीच दिलेला असतो. ज्यांचं पक्षाशी घट्ट नातं नाही त्यांचं तसं नसतं. २०२१ च्या सुरुवातीपासून चार वर्षांत एकूण भाव सुमारे २० टक्क्यांनी वाढले. महागाईचा दर उतरला असं अर्थतज्ज्ञ सांगत होते आणि ते बरोबरही होतं, पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे, भाव फक्त हळू चढत होते. या मतदाराने जुना भाव आठवून मत दिलं. तो संख्येने थोडा आहे, पण पेन्सिल्व्हेनियात जय-पराजयातलं अंतर दोन टक्क्यांहून कमी होतं.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत आहे. तो म्हणतो, शेअर बाजार उच्चांकावर आणि शेजारपाजारचे मात्र रडताहेत. मग बाजार खोटा की शेजारी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघंही खरे आहेत, फक्त दोघांचं घर वेगळं. एस अँड पी ५०० हा पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक २०२३ मध्ये सुमारे २४ टक्के आणि २०२४ मध्ये २३ टक्के वाढला. गॅलपच्या पाहणीनुसार सुमारे ६२ टक्के अमेरिकनांकडे कुठल्या ना कुठल्या रूपात शेअर आहेत. बहुतेकांचे निवृत्तीच्या खात्यात, म्हणजे पगारातून कापून बाजारात जाणाऱ्या फोर-ओ-वन-के योजनेत. पण शेअरांतल्या एकूण रकमेचा फार मोठा भाग वरच्या दहा टक्के घरांकडे आहे. बाकीच्यांना तेजी कागदावर दिसते आणि ती मोडायची तर साठी गाठावी लागते, नाहीतर बहुतेकदा दंड. भाडं मात्र पहिल्या तारखेला.

एक सांगायला हवं. रडणारे शेजारी खर्च थांबवत नाहीत. २०२२ ते २०२४ या काळात लोक पाहणीत वाईट बोलत होते आणि दुकानात, विमानतळावर पैसे खर्च करत होते. कटोनांच्या सिद्धान्ताला याने चांगलाच धक्का दिला आहे. बाजारालाही घबराट होतेच, फक्त तिची मुदत फार लहान. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जवळपास सगळ्या देशांवर आयातशुल्क जाहीर केलं, पुढच्या दोन दिवसांत एस अँड पी १० टक्क्यांहून अधिक कोसळला. ९ तारखेला बहुतेक शुल्क ९० दिवस पुढे ढकललं, तर एका दिवसात साडेनऊ टक्के वर. मधल्या आठवड्यात ज्याने घाबरून विकलं त्याचं नुकसान झालं. तुमच्या मुलाने खातं उघडून पाहिलं नसेल तर उत्तम केलं.

प्रश्न : मुलगी टेक्सासात असते, तिला सात महिन्यांचं बाळ आहे. तिची शेजारीण गोवराची लस म्हणजे थोतांड म्हणते. लससुद्धा पक्षावर कशी गेली? आणि आम्ही बाळाचं काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गेली, पण अलीकडेच. दहा-बारा वर्षांपूर्वी लस नाकारणारे दोन्ही पक्षांत सापडत, त्यात कॅलिफोर्नियातले सुखवस्तू, सेंद्रिय भाज्या खाणारे उदारमतवादीही पुष्कळ. २०१४ च्या अखेरीस डिस्नेलँडमधून गोवर पसरला तेव्हा कॅलिफोर्नियाने वैयक्तिक मतावरून शाळेत लस टाळायची सवलतच काढून टाकली. आताचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी (ज्युनिअर) हेही ऑक्टोबर २०२३ पर्यंत डेमोक्रॅट म्हणूनच अध्यक्षपदाच्या शर्यतीत होते. कोविडच्या सक्तीने चित्र बदललं. लस घेणं-न घेणं ही पक्षाची खूण झाली आणि त्याची झळ जुन्या, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या लसींनाही लागली. मुलांना लस देणं अत्यंत महत्त्वाचं आहे असं म्हणणारे २०१९ मध्ये गॅलपला ५८ टक्के आढळले होते, २०२४ मध्ये ४०. घसरण मुख्यतः रिपब्लिकनांमधली.

अंड्याच्या भावाबद्दल कुणी काय मानतं यावर भाव ठरत नाही, गोवराचं तसं नाही. हा रोग इतका पसरतो की साखळी तोडायला सुमारे ९५ टक्के मुलांना लस लागते. बालवाडीतल्या मुलांचं हे प्रमाण देशभरात २०१९-२० मध्ये ९५.२ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ९२.७ झालं. अडीच टक्क्यांची घट दिसायला किरकोळ, पण ती देशभर सारखी पसरलेली नसते, काही गावांत साचते. पश्चिम टेक्सासातल्या गेन्स काउंटीत दर सहा मुलांमागे जवळपास एकाला लसीतून सूट होती. जानेवारी २०२५ मध्ये साथ तिथूनच उठली. ऑगस्टमध्ये ती संपल्याचं जाहीर झालं तेव्हा राज्यात ७६२ रुग्ण झाले होते आणि दोन मुलं दगावली होती, दोन्ही बिनलसीची. हा तोच देश, ज्याने २००० साली गोवर हटवल्याचं जाहीर केलं होतं.

बाळाचं म्हणाल तर दोन्ही देशांची वेळापत्रकं वेगळी आहेत, तिथेच घोटाळा होतो. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तिथे बारा ते पंधरा महिन्यांत आणि दुसरा शाळेच्या तोंडावर, चार ते सहा वर्षांत. मात्र साथीच्या भागात किंवा परदेश प्रवासाआधी सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक जादा डोस देण्याची शिफारस तिथेही असते. तो पुढच्या दोन डोसांत धरत नाहीत. तेव्हा बाळाला घेऊन मुलगी भारतात येणार असेल किंवा आसपास साथ असेल, तर तिने बालरोगतज्ज्ञांना या जादा डोसाबद्दल विचारावं आणि तारीख कार्डावर लिहून घ्यावी.