एक वही, अनेक घरीं



धुळें येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत जुन्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठोमठीं हिंडून त्या पोथ्या मिळविल्या. एकाच ग्रंथाच्या नकला अनेक ठिकाणीं असल्या, म्हणजे एकीस वाळवी लागली किंवा एखाद्या लेखकाच्या हातून ओळ बदलली तरी बाकीच्या पोथ्या खरी साक्ष देतात. अनेक घरीं ठेविलेलें सहसा बुडत नाहीं. हेंच तत्त्व ‘ब्लॉकचेन’ नामक आधुनिक विद्येंत योजिलें आहे. तिची थोडी ओळख आज आपण करून घेऊं.

ब्लॉकचेन म्हणजे एक प्रकारची खतावणी होय. तिच्या प्रत्येक पानावर मागील पानाचा ठसा गणितानें काढून लिहिलेला असतो. मागील पानांतील एक अक्षर जरी बदललें तरी ठसा जुळेनासा होतो व लबाडी उघडकीस येते. ही खतावणी एका कचेरींत नसून, तिची नकल हजारों संगणकांत असते. अशा प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात. ‘बिटकॉइन’ या चलनाची अशी खतावणी जानेवारी २००९ मध्यें सुरू झाली.

आतां प्रश्न असा कीं, मुख्य कचेरीच नाहीं, तर नव्या संगणकास सोबती कोठून मिळतात? समजा, एक कुटुंब चोपड्याहून जळगांवास नव्यानें राहावयास आलें. तें एखाद्या ओळखीच्या गृहस्थाचा पत्ता घेऊन येतें. तो गृहस्थ चार घरें दाखवितो आणि त्या चार घरांतून पुढें चाळीस घरांची ओळख होते. बिटकॉइनचा नोडही असेंच करितो. आरंभीं विचारपूस करण्याजोगीं कांहीं थोडीं ठिकाणें त्याच्या आज्ञावलींतच लिहिलेलीं असतात. तेथून चालू नोडांचे पत्ते मिळतात. मग तो प्रत्येक नव्या सोबत्यास विचारितो, “आपणांस आणखी कोण ठाऊक आहेत?” एका उत्तरांत १,००० पर्यंत पत्ते येऊं शकतात. ते तो टिपून ठेवितो व त्यांतून सामान्यतः १० सोबती निवडून त्यांच्याशीं संबंध जोडितो. दुसऱ्या वेळीं ही टिपणवहीच त्याच्या उपयोगी पडते.

वार्ता पसरविण्याची रीतिही काटकसरीची आहे. नवी नोंद आली कीं नोड ती सगळीच्या सगळी शेजाऱ्यांपुढें ओतीत नाहीं. “या खुणेची नोंद मजपाशीं आहे,” एवढेंच तो कळवितो. ज्यापाशीं ती नसेल तो मागून घेतो. नोंद हातीं येतांच तो सही खरी आहे काय, तेच पैसे पूर्वीं खर्च झाले आहेत काय, हें स्वतः तपासतो व मगच पुढें कळवितो. खोटी नोंद पहिल्याच प्रामाणिक दारीं अडते.

यांत एक धोका आहे. एखाद्या नोडचे सर्वच सोबती एकाच लबाडाचे हस्तक निघाले, तर त्यास बाहेरचें खरें जग दिसतच नाहीं. जणू ग्रहणच लागतें. म्हणून नोड आपले सोबती जाळ्याच्या निरनिराळ्या भागांतून निवडतो.

या विद्येचा आपल्या राज्यांतही उपयोग झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली उपविभागांत २०२२ सालीं सुमारें ६५,००० जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ नामक ब्लॉकचेनच्या आधारें देण्याचें कार्य हातीं घेण्यांत आलें. खोट्या दाखल्यानें कोणी प्रवेश मिळविला, तर एका खऱ्या हक्कदार मुलाची जागा जाते. दाखला अस्सल आहे कीं नाहीं हें ताडून पाहण्याचें साधन म्हणूनच या कार्याचें महत्त्व आहे.

तथापि एक गोष्ट विसरूं नये. प्रथम लिहितांनाच चूक झाली, तर हजार नकला ती चूकच इमानानें जपतील. यंत्र नोंदीचें रक्षण करील, पण नोंद खरी करणें मनुष्याचेंच काम आहे. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, शाळेच्या दप्तरांतील आपल्या पाल्याचें नांव व जन्मतारीख त्यांनीं एकदां स्वतः वाचून पाहावी. आणि विद्यार्थ्यांनो, कोणतीहि वार्ता पुढें सांगण्यापूर्वीं आपणही त्या नोडप्रमाणें ती तपासून पाहिली, तर पुष्कळ खोटें आपल्या दारींच थांबेल.