तपासणी फुकट, पण रोजाचे काय?



खडीसाखरेचा एक स्वच्छ खडा घ्या आणि उजेडासमोर धरा. त्यातून प्रकाश आरपार येताना दिसेल. आता तोच खडा कुटून त्याची पूड करा. पूड पांढरी शुभ्र दिसते. साखर तीच, मग हा पांढरा रंग आला कोठून? खड्यात प्रकाश सरळ जात होता. पुडीत मात्र त्याला हजारो बारीक पृष्ठभाग आडवे येतात आणि तो दाही दिशांना विखुरतो. सगळे रंग सारखेच विखुरले की आपल्या डोळ्याला पांढरे दिसते. अंडे उकडल्यावर त्यातला पारदर्शक बलक पांढरा होतो, त्याचेही कारण हेच. उष्णतेने प्रथिने गोठतात आणि प्रकाश विखुरतात.

पदार्थविज्ञानाच्या या साध्या तत्त्वावर कर्करोगाची एक तपासणी उभी आहे. गर्भाशयमुखावर कापसाच्या बोळ्याने ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपले व्हिनेगरच, लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडू लागलेल्या पेशींची केंद्रके मोठी असतात व त्यांत प्रथिने अधिक असतात. आम्लाने ही प्रथिने तात्पुरती गोठतात, प्रकाश विखुरतो आणि तेवढ्याच जागी पांढरा डाग उठतो. शेजारचा निरोगी भाग गुलाबीच राहतो. डाग दिसला म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे. पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

या तपासणीला लागते काय? कापूस, आम्ल, चांगला उजेड आणि शिकवून तयार केलेली नजर. हा रोग हळूहळू वाढतो. विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तरी कर्करोग होईपर्यंत बहुधा १५ ते २० वर्षे जातात. एवढ्या काळात तो एकदा जरी वेळेवर सापडला, तरी लहानशा उपचाराने थोपवता येतो. असे असूनही २०२२ च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी फक्त १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी झाल्याचे सांगितले. शंभरात दोघीही नाहीत!

अनेक ठिकाणी सोयच पोहोचलेली नाही, हे याचे एक कारण. पण सोय असूनही बायका येत नाहीत, तेव्हा आपण चटकन म्हणतो, "अडाणीपणा, दुसरे काय!" हे उत्तर पुरेसे आहे का, ते तपासू.

आमच्या वणीच्या परिसरात द्राक्षबागांत रोजाने जाणारी चाळिशीची एक बाई डोळ्यांपुढे आणा. माल काढणीला आला आहे. शिबिर मंगळवारी सकाळी दहाला आहे. ती गेली तर तिचा खाडा पडतो आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. टोळीतली तिची जागा दुसरीला मिळाली, तर पुढचे दिवसही जातात. तपासणी फुकट खरी, पण तिच्यासाठी त्या तपासणीची किंमत एक रोज आहे. शिवाय काही निघालेच तर नाशिकला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जावे लागणार. सोबतीला कोणी तरी हवे, म्हणजे दोन खाडे. तोटा आजचा आणि नक्की. फायदा पंधरा वर्षांनंतरचा आणि तोही 'कदाचित'. दुखत तर काहीच नाही. तिने शिबिराकडे पाठ फिरवली, तर तिचा हिशेब चुकला असे म्हणता येईल, पण तिने हिशेब केलाच नाही असे म्हणता येणार नाही.

पैशाखेरीज आणखी गोष्टी आहेत. तपासणारा पुरुष असेल तर, ही लाज. 'त्या' रोगाचे नाव घरात निघाले तर मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल, ही भीती. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून चारित्र्यावर येणारा संशय. खरे पाहता हा संसर्ग इतका सर्रास आढळतो की बहुतेक विवाहित माणसांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. त्यावरून कोणाच्या वागणुकीचा निष्कर्ष काढणे हे शास्त्र नव्हे.

आता थोडे गणित करू. एक तपासणी ९० टक्के रोग पकडते. बोलावलेल्यांपैकी ४० टक्के बायका येतात. दोष निघालेल्यांपैकी ५० टक्के उपचारापर्यंत पोहोचतात. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) मग एकूण उपयोग किती?

०.९ × ०.४ × ०.५ = ०.१८

म्हणजे १८ टक्के. आता भारी यंत्र आणून ९० चे ९९ केले, तर उत्तर जेमतेम २० येते. पण येणाऱ्या बायका ४० वरून ८० टक्के झाल्या, तर ते दुप्पट, म्हणजे ३६ होते. एकापाठोपाठ जोडलेल्या यंत्रांची कार्यक्षमता आपण गुणाकारानेच काढतो ना? तोच हा नियम. माणसाचे येणे हाही यंत्रणेचाच भाग आहे.

हे नुसते कागदावरचे नाही. बार्शीत १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगू लागले. पुढील काही वर्षांत लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. केवळ बोलण्याने एवढे झाले!

पुढे १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. तपासणी गावाजवळ नेली, आधी घरोघरी जाऊन समजावले आणि बोलावलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के स्त्रिया आल्या. त्याच खेड्यांतल्या, तशाच कष्टकरी बायका! २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी देऊ केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजारांत ६४. आम्लाच्या तपासणीची मात्र तेथे एकच फेरी झाली आणि तिने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा मेमोरियल रुग्णालयाने आम्लाची हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या व चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया. ८९ टक्के बायका तपासणीला आल्या आणि दोष आढळलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के पुढच्या तपासणीला गेल्या. २०१४ च्या अहवालानुसार या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

उस्मानाबादच्या अभ्यासातली एक गोष्ट मला विशेष वाटते. तेथे आलेल्या बायका न आलेल्यांपेक्षा वयाने लहान, अधिक शिकलेल्या आणि अधिक प्रमाणात विवाहित होत्या. म्हणजे मागे कोण राहिले? वयाने मोठ्या, शाळा न पाहिलेल्या, एकट्या. वयाबरोबर या कर्करोगाचा धोका वाढतो, हे लक्षात घ्या. जिला गरज जास्त, तीच दारापर्यंत पोहोचत नाही. शिबिराला गर्दी झाली म्हणून समाधान मानणाऱ्याने, कोण आले नाही हेही मोजले पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. शिबिर काढणीच्या हंगामात नको, कामे सैल असताना घ्यावे. संध्याकाळी घ्यावे. तपासणारी स्त्री असावी. विषाणूच्या चाचणीसाठी नमुना स्त्रीला स्वतःच आडोशाला घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आहे. त्यामुळे लाजेचा प्रश्न बराच सुटतो. त्याच संघटनेने २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची ३५ व ४५ या वयांपर्यंत दोनदा तपासणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार, असे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी व्हायला हवी. तेव्हा तंबाखू चोळणाऱ्या बाबांना आणि काकांनाही तोंड उघडून दाखवायला सांगा. "मला काय झालंय?" हा पुरुषांचा प्रश्नही त्याच साखळीतला कच्चा दुवा आहे.

करून पाहा :

१. ०.७ × ०.९ चा गुणाकार करा. जागतिक उद्दिष्ट पूर्ण झाले, तरी शंभरातल्या किती स्त्रियांचा रोग सुटून जाईल? (चाचणी अचूक आहे असे धरा.)

२. जवळच्या उपकेंद्रात ही तपासणी कोणत्या दिवशी, किती वाजता होते ते विचारून या. ती वेळ तुमच्या गावातल्या मजुरीच्या वेळेशी ताडून पाहा.

३. घरातल्या तिशीपुढच्या बाईला "का गेली नाहीस?" असे विचारू नका. "जायला काय आड येते?" असे विचारा आणि उत्तर शांतपणे लिहून घ्या. पहिल्या प्रश्नाला बहुधा सबब मिळते. दुसऱ्याला कारण मिळते, आणि कारण कळले की उपाय शोधता येतो.