तुकड्यातुकड्यांनी परिक्रमा

देवळाभोवती प्रदक्षिणा घालणारी माणसे आपण नित्य पाहतो; परंतु एखाद्या नदीला प्रदक्षिणा घालावयाची आणि तीही पायी, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला विलक्षणच वाटेल. नर्मदेची अशी परिक्रमा मात्र फार प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. मध्य प्रदेशात अमरकंटक येथे उगम पावून ही नदी 1312 किलोमीटर वाहते व गुजरातेत भडोचच्या पुढे खंबायतच्या आखाताला मिळते. परिक्रमेस निघालेला यात्रिक तिला सदैव उजव्या हाताला ठेवून चालतो. वाटेत तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही, असा कडक नियम आहे. केवळ मुखापाशी, जेथे नदी समुद्राला मिळते तेथे, नावेत बसून दुसऱ्या तटावर जावयाचे. ‘नर्मदे हर’ असा घोष करीत, गावकऱ्यांनी दिलेल्या शिध्यावर निर्वाह करीत आणि चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करीत ही यात्रा पुरी होते. जुन्या परंपरेप्रमाणे तिला तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात.

एवढा काळ घरदार सोडून कोण जाणार? संन्याशाला ते शक्य आहे. पण शेतकऱ्याच्या मागे पेरणी आहे, कारकुनामागे कचेरी आहे, शिक्षकामागे शाळा आहे. अशा माणसाने आगगाडी पुलावरून जात असता खिडकीतून हात जोडावे आणि त्यावरच समाधान मानावे काय?

थोडे गणित करून पाहा. दोन्ही तट मिळून अंतर होते 2624 किलोमीटर. रोज 20 किलोमीटर चालले तर 131 दिवसांहून थोडा अधिक काळ लागेल. वर्षातून दहाच दिवस सवड मिळत असेल, तर तेरा वर्षे आणि वर एखाददुसरा दिवस! नदीची वळणे आणि आडव्या येणाऱ्या उपनद्या यांमुळे प्रत्यक्षात चाल याहून अधिक पडते, हे खरे. तरी हिशेब अगदीच हाताबाहेरचा नाही.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी हाच मार्ग पत्करला. त्यांचा जन्म 1928 सालचा. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंपाशी त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले व पुढे जबलपुरात ते तीच कला शिकवू लागले. 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, ते जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने पायी निघाले. तो त्यांचा पहिला तुकडा. पुढे सवड मिळेल तसतसे ते एकेक टप्पा चालत गेले. सोबतीला कधी विद्यार्थी असत, कधी मित्र. नंतरच्या यात्रांत पत्नी कांताही असत. वाटेत रेखाटने करावी, घरी आल्यावर त्यांवरून चित्रे करावी, रंगीत कागदांचे कपटे जोडूनही चित्रे घडवावी, आणि पाहिलेले लिहून काढावे, असा त्यांचा क्रम असे. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ हे त्यांचे हिंदी पुस्तक असेच सिद्ध झाले. त्यांनी ते गुजरातीतही लिहिले.

अशा चालण्याला सोपे समजू नये. सलग चालणाऱ्याचे पाय पहिल्या काही दिवसांत फोड येऊन दुखतात आणि मग घट्ट होतात. तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्याचा मात्र तो पहिला आठवडा कधी संपतच नाही! घरी परतले की पाय पुन्हा मऊ पडतात. दर खेपेस नवे फोड, नवी पाठदुखी, पाठीवरील ओझ्याचा नवा अंदाज. शिवाय जेथे थांबलो तेथूनच पुन्हा आरंभ करावयाचा, हे बंधन पाळावे लागते. मधला रखरखीत भाग मोटारीने ओलांडला, तर विचारणारे कोणी नसते; ज्याला त्याला ते ठाऊक असते एवढेच. उलट, एका बाबतीत हा वाटसरू सलग चालणाऱ्याहून भाग्यवान म्हणावा लागेल. पाहिलेले मनात मुरावयास त्याला मध्ये वर्षभर मिळते.

पण ही वर्षे नदीलाही लागू असतात. आपण पुढचा टप्पा चालावयास येईपर्यंत मागचा तसाच राहील, याची हमी कोण देणार? जबलपूरच्या वर बरगी येथे धरण बांधले गेले व 1990 साली ते पूर्ण झाले. त्याचा जलाशय सुमारे 75 किलोमीटर लांब मंडल्याच्या बाजूस पसरला आहे. शेतांना पाणी मिळाले, वीज निर्माण झाली. त्याचबरोबर अनेक गावे बुडाली व तेथील माणसे दुसरीकडे गेली. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरही नर्मदा आहे. तेथे सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून यात्रिकांना जुना तट सोडून दूरच्या वाटेने जावे लागते.

वेगड सत्तरी ओलांडल्यावरही नर्मदेच्या काठाने चालत राहिले. 2018 साली ते निवर्तले. 1977 सालची त्यांची पहिली पायवाट, तिच्या काठची घरे आणि उतरण्याचे घाट आता पुष्कळसे बरगीच्या पाण्याखाली आहेत. त्यांवरून होड्या जातात.