दिरांची गोळी यजमानांना चालेल का?

प्रश्न : यजमानांना बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू आहे. हल्ली संध्याकाळी घोटे सुजतात. दिरांना टेल्मिसार्टन ४० आहे, त्यांना काहीच त्रास नाही. ४० म्हणजे जास्त पॉवरची ना? तीच आणू का?
– एक वाचक, आळेफाटा

उत्तर : ताई, ५ आणि ४० हे नुसते मिलिग्रॅम, दोन वेगळ्या औषधांत त्यावरून ताकद ठरत नाही. बीपी दोन्ही साधारण सारखेच उतरवतात. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे काहींचे घोटे सुजतात. लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही, ती मेडिकलमधून आणू नका. डॉक्टर डोस कमी करतील, जोडीला टेल्मिसार्टन देतील किंवा गोळीच बदलतील. टेल्मिसार्टन देताना क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासावे लागते. त्यावर असताना ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असते. डॉक्टरांना दाखवेपर्यंत चालू गोळी मनाने बंद करू नका. दम लागला किंवा एकच पाय सुजला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आणि हो, गुडघेदुखीची गोळी घेत असतील तर तेही सांगा. तिने बीपी चढू शकते. खर्चाची काळजी असेल तर ही औषधे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.