क्रॉलरचे लिंक घरी करताना

प्रश्न : माझ्या १:१० मापाच्या रिमोट क्रॉलरचे खालचे प्लॅस्टिक लिंक दगडात अडकले की वाकतात. सस्पेन्शन आणि स्टीअरिंगचे लिंक घरी करता येतील का?

उत्तर : जरूर करा. एम३ आट्यांचा स्टीलचा गज घ्या आणि त्यावर जेमतेम सरकेल अशी ६ मिमी बाहेरच्या व्यासाची स्टेनलेसची नळी चढवा. दोन्ही टोकांना रॉड एंड आवळत गेलात, की गज ताणला जातो, नळी दाबली जाते आणि लिंक ताठ होतो. मात्र नळीची टोकं कानशीने अगदी काटकोनात घासा. टोक तिरकं राहिलं तर रॉड एंड एकाच कडेला टेकतो आणि गज नेमका तिथेच वाकतो.

भरीव ॲल्युमिनियम वापरणार असाल, तर २.५ मिमीचं भोक पाडून एम३चा टॅप फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मधूनमधून रॉकेलचा थेंब. घाई केलीत तर टॅप आतच तुटतो, आणि तो निघता निघत नाही. खालच्या लिंकना मी तरी स्टेनलेसच सुचवेन. दगडाचा मार तेच खातात.

लांबी एका रॉड एंडमधल्या गोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. डावा-उजवा लिंक तंतोतंत सारखा हवा, नाहीतर ॲक्सल तिरका बसतो.

स्टीअरिंगचं म्हणाल, तर सर्वो चॅसिसवर असल्यास ड्रॅग लिंक (सर्वोकडून चाकाकडे जाणारा) आणि पॅनहार्ड लिंक (ॲक्सलला चॅसिसशी आडवा जोडणारा) समांतर व शक्यतो समान लांबीचे ठेवा. तसे नसतील तर सस्पेन्शन दबताच चाकं आपोआप वळतात.