उरलेले अन्न आणि खावेसे वाटणे : आहार-इतिहासात राहून जाणारे दोन प्रश्न

रुग्णाचा आहार विचारल्यावाचून आपण चिकित्सेस प्रारंभ करीत नाही, असे आपण सर्वच वैद्य अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात केसपेपरवर 'आहार' या शब्दापुढे एक ओळ मोकळी असते. तीत 'मिश्राहार', 'पोळी-भाजी-भात', 'तिखट अधिक' असे तीन-चार शब्द लिहून आपण निद्रा व मलप्रवृत्ती यांकडे वळतो. आमच्या चिकित्सालयातही अनेक वर्षे असेच चालले होते. त्या ओळीत काय राहून जाते हे ज्या रुग्णेमुळे आमच्या ध्यानी आले, तिचा वृत्तांत प्रथम देतो. शास्त्रविचार त्यानंतर करू.

रुग्णा ४६ वर्षे वयाची गृहिणी, प्रकृती पित्तवातप्रधान. अम्लोद्गार, उरोविदाह, दुपारनंतर आध्मान, अन्नाविषयी अनिच्छा व सार्वदेहिक थकवा ही लक्षणे. अम्लपित्ताचे निदान करून अविपत्तिकर चूर्ण, कामदुधा रस व शतावरी कल्प यांची योजना केली आणि सोबत आमचे नेहमीचे छापील पथ्यपत्रक दिले. त्यात 'शिळे व आंबलेले अन्न वर्ज्य' ही ओळ होतीच. औषध चालू असेतो उपशय मिळे. थांबविले की पंधरवड्यात लक्षणे पूर्ववत. असे सात महिने चालले. पथ्याविषयी विचारले की उत्तर ठरलेले असे : "घरात सगळं तुम्ही लिहून दिलंय तसंच होतं, डॉक्टर." उत्तर खोटे नव्हते. घरात तसेच होत होते.

एके दिवशी त्यांच्यासमवेत त्यांची महाविद्यालयात शिकणारी कन्या आली होती. ती मध्येच म्हणाली, "आई ताजं खाते कुठे, डॉक्टर? आम्हाला ताजं वाढते आणि कालचं स्वतः संपवते." बाई संकोचल्या. म्हणाल्या, "टाकवत नाही हो. अन्न आहे शेवटी." मग सर्व हकीकत बाहेर आली. सकाळी चहाबरोबर रात्रीच्या दोन पोळ्या, दुपारी सर्वांचे जेवण आटोपल्यावर ओट्यावर राहिलेल्या रात्रीच्या भाताला फोडणी, रात्री पातेल्याच्या तळाशी उरलेली आमटी दुसऱ्यांदा गरम करून. आमचे पथ्यपत्रक सात महिने अन्न शिजविणाऱ्या व्यक्तीच्या हाती होते. अन्न खाणाऱ्या व्यक्तीची चौकशी आम्ही केलीच नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीची जी आठ आयतने सांगितली आहेत त्यांत 'उपयोक्ता' शेवटी येतो. परीक्षेत ती आठही नावे आपण घडाघडा लिहितो, आणि चिकित्सालयात नेमका आठवा विसरतो.

आम्ही त्यांना विचारले, "काकू, तुम्हाला स्वतःला काय खावंसं वाटतं?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गरम मऊ भात, वरण, तूप, वर लिंबू. सगळ्यांबरोबर बसून." मुलीने यात आणखी एक भर घातली. तांदूळ निवडताना आई मूठ-मूठ कच्चे तांदूळ तोंडात टाकते. या वाक्याने आमचे लक्ष अम्लपित्तावरून दुसरीकडे गेले. त्याकडे पुढे येऊ.

पर्युषित अन्नाचा विचार

शिळे अन्न आयुर्वेदास सरसकट अमान्य आहे, असे आपण रुग्णांना सांगतो. ग्रंथातील भूमिका याहून सूक्ष्म आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठव्या अध्यायात, सद्वृत्ताच्या विवेचनात, ताटातील सर्व पदार्थ निःशेष खाऊन टाकू नयेत असे सांगून दही, मध, लवण, सातू, तूप अशा काहींचा त्यास अपवाद केला आहे. म्हणजे थोडे उरणे हे शास्त्रकारांना गृहीतच होते. त्याच ठिकाणी पर्युषित अन्नाचा निषेध करताना मांस, हरितक, शुष्क शाक, फळे व भक्ष्य पदार्थ वगळले आहेत. यांतील मांस म्हणजे रश्शात रात्रभर राहिलेले मांस असा अर्थ कोणी घेऊ नये. अपवादांची एकूण जात पाहता सुकविलेले अथवा कोरडे भाजलेले मांस अभिप्रेत असावे, असे आमचे मत आहे. या यादीतून एक सूत्र हाती लागते. जे कोरडे ते टिकते, जे द्रव व क्लिन्न ते बिघडते. आजचे सूक्ष्मजीवशास्त्र अन्नातील उपलब्ध जलांशाविषयी जे सांगते, ते याहून फार निराळे नाही.

अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात पुन्हा उष्ण केलेले अन्न त्याज्य सांगितले आहे. येथे वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, मग महाराष्ट्रातील घरोघरची फोडणीची पोळी, फोडणीचा भात, शिळ्या भाकरीचा कुस्करा यांचे काय? या पदार्थांचा निर्देश ग्रंथांत नाही, म्हणून पुढील विवेचन आमचे आहे असे समजावे. केवळ गरम करणे आणि नवा संस्कार करणे यांत आम्ही भेद करतो. रात्रीची आमटी सकाळी उकळली तर ते पुनरुष्णीकरण होय. पोळी मात्र कुस्करून, तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, कांदा घालून, पाण्याचा हबका मारून वाफविली तर स्नेह, उष्ण गुण व दीपन द्रव्ये यांचा संयोग होऊन तिचा रूक्षपणा बराच कमी होतो. हे 'करण' झाले. संस्काराने गुणांतर होते, हे तर विमानस्थानाचेच वचन आहे. ज्याचा अग्नी सम आहे त्याने आठवड्यातून एखादे वेळी न्याहारीस फोडणीची पोळी खाल्ल्यास वैद्याने कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. पित्तवृद्धी असलेल्या रुग्णेने ती रोज, तीही रिकाम्या पोटी चहाबरोबर खाणे, ही गोष्ट निराळी.

हा युक्तिवाद भाताला मात्र लावता येत नाही. येथे आपल्या वर्गाने थोडे कठोर व्हावे. तांदळात 'बॅसिलस सिरियस' या जीवाणूची बीजके असू शकतात. ती शिजविल्यावरही जिवंत राहतात आणि भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की वाढीस लागतात. त्यांच्यापासून निर्माण होणारे वांतिकारक विष पुन्हा उकळल्याने नष्ट होत नाही. फोडणीने वास झाकला जातो, दोष जात नाही. म्हणून उरलेला भात उथळ ताटात पसरून लवकर थंड करावा, दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच आणि पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावा. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात अन्न जितका कमी वेळ राहील तितके चांगले. वर्षा ऋतूत अग्नी मंद व हवा दमट, तेव्हा ओट्यावरचा रात्रीचा भात सरळ वर्ज्य सांगावा. किनारपट्टीवरील वैद्यांनी बांगड्याविषयीही हेच सांगावे. हा मासा उष्णतेत राहिला की त्यात हिस्टामिन साठते, तेही शिजविल्याने जात नाही, आणि मग अंगावर उठणाऱ्या गांधींना आपण शीतपित्त समजून हरिद्राखंड देत बसतो.

जाणीवपूर्वक आंबविलेले पदार्थ या वर्गात टाकू नयेत. कांजी ही संधानकल्पना आहे. नाचणीची आंबील ही तिची घरगुती बहीण. योजून केलेले अम्लत्व व दुर्लक्षाने आलेले अम्लत्व यांत फरक आहे. आंबट दह्याच्या कढीबद्दलही रुग्ण नेहमी विचारतात. उष्ण दही निषिद्ध आहे हे खरे, परंतु घुसळून, लोणी काढून झालेले ताक हे द्रव्यच वेगळे. कढी ताकाची करावी, दही तसेच उकळू नये, एवढे सांगितले की पुरते.

खावेसे वाटणे

उरलेल्या अन्नाइतकाच रुग्णाच्या इच्छेचा प्रश्न आपण टाळतो, कारण इच्छा म्हणजे जिभेचे चोचले अशी आपली समजूत झाली आहे. ग्रंथकारांची तशी नव्हती. चरकांनी पथ्याच्या व्याख्येत मनाला प्रिय असणे अंतर्भूत केले आहे आणि विरुद्धाहाराच्या प्रकारांत मनाला न रुचणाऱ्या अन्नास 'हृद्विरुद्ध' म्हटले आहे. नेहमी तेच खाऊन पथ्याचा तिटकारा आला तर निरनिराळ्या कल्पनांनी ते पुन्हा प्रिय करावे, असेही चिकित्सास्थानात तिसाव्या अध्यायात सांगितले आहे. मुगाचे वरण नकोसे झालेल्या रुग्णास त्याच मुगाचे धिरडे सांगणे ही तडजोड नसून चिकित्सा आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे इच्छा हे लक्षण आहे. दोष, धातू वा मल क्षीण झाला असता तो वाढविणाऱ्या अन्नपानाची आकांक्षा उत्पन्न होते, हे सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात सांगितले. वाग्भटांनी दोषादिविज्ञानीय अध्यायात ते पुढे नेले. वाढलेले दोष विपरीत गुणांच्या अन्नाची रुची उत्पन्न करतात, क्षीण झालेले दोष समान गुणांच्या अन्नाची. रुग्ण ज्याची इच्छा करतो ते अविरोधी असल्यास द्यावे. यातील 'अविरोधी' हा शब्द सर्वांत मोलाचा. प्रमेही रुग्णास जिलेबी हवीशी वाटते म्हणून ती देण्याची मुभा यातून निघत नाही. तसेच रोजच्या सवयीने निर्माण झालेली ओढ ही धातूंची मागणी नव्हे. दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याची तलफ हे ओकसात्म्य आहे, आणि ते पादांशिक क्रमानेच सोडवावे लागते.

काही इच्छा पुरवायच्या नसतात. त्या ऐकून तपासणीस लागायचे असते. मृद्भक्षणजन्य पांडूचे वर्णन आपल्याकडे आहेच. कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, सतत बर्फ चघळणे या सवयी लोहाच्या न्यूनतेत वारंवार आढळतात, हे आधुनिक वैद्यकानेही नोंदविले आहे. गर्भिणीच्या डोहाळ्यांतही हा भेद ठेवावा. कैरीचे डोहाळे पुरवावेत, मातीचे डोहाळे दिसले की त्याच दिवशी हिमोग्लोबिन पाहावे.

उपर्युक्त रुग्णेचे हिमोग्लोबिन ८.४ ग्रॅम भरले. अधिक विचारता रजःप्रवृत्ती दीड वर्षापासून अतिमात्र होत असल्याचे कळले. हेही आम्ही पूर्वी नीट विचारले नव्हते. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवून सोनोग्राफी करविली, रक्तस्रावाची चिकित्सा तेथे सुरू झाली. त्यांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या चालू ठेवल्या. आम्ही औषधांत फारसा बदल केला नाही, फक्त धात्री लोह योजिले. थकवा व अन्नद्वेष यांना आम्ही अम्लपित्ताच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो, ही चूक येथे स्पष्टपणे नोंदवीत आहोत.

औषधालय चालविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना येथे एक विनंती आहे. हिंग्वाष्टक चूर्ण, शंखवटी अथवा अविपत्तिकर हे पुन्हा पुन्हा, वैद्याच्या चिठ्ठीवाचून नेणारे ग्राहक आपल्या परिचयाचे असतात. त्यांत घरातील मधल्या वयाच्या स्त्रिया किती आहेत, हे एकदा पाहावे. तिसऱ्या वेळी डबी देताना "काकू, रात्रीचं उरलेलं कोण खातं तुमच्याकडे?" एवढे विचारावे. विक्री बुडणार नाही. वजन घटणे, गिळताना अडणे, मल काळा होणे यांपैकी काही सांगितले तर मात्र डबी न देता वैद्याकडे पाठवावे, आणि वैद्यानेही अशा रुग्णास एंडोस्कोपीचा सल्ला देण्यास विलंब करू नये.

आता त्या घरात काय झाले ते सांगतो. 'शिळे खाऊ नका' असे पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता, कारण अन्न टाकणे त्यांच्याकडून झाले नसते, आणि टाकावे असे आमचेही म्हणणे नव्हते. म्हणून पुढच्या भेटीस यजमानांना बोलाविले. तीन गोष्टी ठरल्या. रात्रीची कणीक मोजून भिजवायची आणि पोळ्या किती हव्यात ते प्रत्येकाने संध्याकाळीच सांगायचे. उरलेच तर दुसऱ्या दिवशी त्याचा नवा पदार्थ करून सर्वांच्या ताटात सारखा वाढायचा. आणि बाईंनी रात्री सर्वांबरोबर बसून पहिल्या वाफेचा भात खायचा. यजमान प्रथम म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी मला बोलावलंत?" कन्या हसली, आम्ही गप्प राहिलो.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर आले. उरोविदाह आठवड्यातून तीन-चार वेळा होत असे, तो महिन्यातून एक-दोन वेळांवर आला; पूर्णपणे गेला असे म्हणता येणार नाही. कच्चे तांदूळ खाण्याची सवय आपोआप सुटली, त्यासाठी उपदेश करावा लागला नाही. पोळ्या आता फारशा उरत नाहीत, अशी यजमानांची तक्रार आहे. त्यांना फोडणीची पोळी आवडू लागली आहे.

आमच्या केसपेपरवर 'आहार' या शब्दाखाली आता दोन ओळी अधिक छापल्या आहेत : 'घरातील उरलेले अन्न कोण खाते, किती वेळा?' आणि 'सध्या काय खावेसे वाटते?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुष्कळदा वेळ लागतो, म्हणून तो नाडीपरीक्षणाच्या वेळी विचारावा असा आमचा अनुभव आहे. वैद्यबंधूंनी हे प्रश्न विचारून पाहावेत व आपल्याकडील नोंदी संपादक मंडळाकडे अवश्य पाठवाव्यात.